स्टेशनावर कोठे खावे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा टोकियोहून निरोप आला. मुलगा आमच्या ब्रह्मपुरीचा. माझ्याच वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसलेला. आता नोकरीच्या निमित्ताने तो जपानात असतो. निरोपात त्याने लिहिले होते, "सर, आज मोठी पंचाईत झाली. इथल्या स्टेशनात एक गल्लीच आहे आणि तीत रामेनची आठ दुकाने एकाला एक लागून आहेत. प्रत्येकापुढे रांग. अर्धा तास नुसता उभा राहिलो, कोठे जावे ते ठरेना. शेवटी गाडी चुकली!"

रामेन म्हणजे काय, ते पूर्वी त्यानेच मला समजावून दिले होते. गव्हाच्या लांबलचक शेवया, त्यांवर ऊनऊन रस्सा, आणि त्यात ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे अंडे, मांस, कांद्याची पात. पदार्थ मूळचा चीनकडचा. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात त्याचे एक दुकान निघाले, ते नावारूपाला आले, आणि पुढे साऱ्या जपानने तो आपलाच मानला. टोकियो स्टेशनच्या तळघरातली ही रामेनची गल्ली २००९ साली सुरू झाली.

निरोप मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले, मीही हसलो. आणि मग थोडा वेळ गप्प बसलो. कारण या मुलाचे पणजोबा आणि माझे आजोबा असे दोघे मिळून एकदा एका मोठ्या जंक्शनावर उभे होते, आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता: कोठे खावे? फरक एवढाच की, त्याचे उत्तर त्यांच्या जिभेने द्यायचे नव्हते. ते त्यांच्या जन्माने आधीच देऊन ठेवले होते.

राजेरजवाड्यांच्या लढाया आपण मुलांना तारीखवार शिकवतो. स्टेशनावरच्या पाण्याच्या माठाचा इतिहास मात्र कोणी शिकवत नाही. तो आज फराळाचे ताट पुढे घेऊन सांगावा असे मनात आहे. तसा फराळाचाही त्याच्याशी संबंध आहेच. तो पुढे येईल.

* * *

आमच्या झाडीपट्टीत आगगाडी आली ती उशिराच. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. नागपूरला रूळ पोहोचले १८६७ साली. वैनगंगेच्या या भातखाचरांत मात्र गोंदिया ते नागभीड ही अडीच फुटी छोटी लाईन बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ साली आणली, आणि नागभीडहून ती चांदा फोर्टपर्यंत गेली १९१३ साली. ब्रह्मपुरी त्याच वाटेवरचे स्टेशन. पुढे वैनगंगेचा पूल आणि पलीकडे वडसा. आज ती नदी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची शीव आहे. १९८२ पूर्वी दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते.

मी लहान असताना ती छोटी गाडी चालू होती. इंजिनाची शिटी ऐकून माणूस घरून निघाला तरी ती सापडे, असे लोक थट्टेने म्हणत. स्टेशनावर खाण्याची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. एक चहावाला, त्याच्याकडे चहा आणि आलुबोंडे. हवे तर घ्या, नाहीतर घरची शिदोरी सोडा. आई फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून देई. बाजूच्या बाकावरचा माणूस आपले गाठोडे सोडी, आणि वडसा येईपर्यंत त्याच्या चटणीची चव आम्हाला आणि आमच्या ठेच्याची चव त्याला कळलेली असे.

हे इतके साधे वाटते की, असे नेहमीच होत आले असणार, असा माझा कितीतरी वर्षे समज होता.

* * *

आगगाडीने पहिला गोंधळ केला तो बसण्याचा. गावात ज्याची सावली टाळायची, तो डब्यात मांडीला मांडी लावून बसू लागला. तिकीट एकच, बाक एकच. कर्मठांनी त्रास करून घेतला, परंतु काशीयात्रा चार दिवसांत होते म्हटल्यावर हळूहळू तोही सोसला. घरी आल्यावर स्नान केले की झाले. बसण्याचा विटाळ असा पाण्याने धुता येई. पण पाणीच विटाळले तर ते कशाने धुवावे? म्हणून बसण्याची तडजोड झाली, खाण्यापिण्याची झाली नाही. ती शंभर वर्षे लांबली.

खाण्याचा नियम मोठा बारीक होता. पाण्यात शिजवलेले अन्न, म्हणजे भात, वरण, हे सर्वांत नाजूक. ते आपल्या जातीच्या किंवा वरच्या जातीच्या हातचेच हवे. तुपात किंवा तेलात तळलेले अन्न त्या मानाने धीट. त्याला विटाळ लवकर लागत नाही. म्हणून देशभर स्टेशनावर भाताऐवजी पुरी-भाजी विकली जाऊ लागली. तुम्हीआम्ही आजही गाडीत बसलो की पुरी-भाजीची आठवण काढतो, त्यामागे चवीइतकाच हा जुना शास्त्रार्थ आहे. आपल्या दिवाळीच्या ताटातला चिवडा, शेव, शंकरपाळे, लाडू हे सगळे प्रवासाला चांगले. ते टिकतात म्हणून तर खरेच, पण तळलेले आणि तुपातले अन्न परक्या गावी सोवळ्यात बसते म्हणूनही. फळाला तर सहसा विटाळच नाही. आमच्या नागपुरी संत्र्याचे नशीब पाहा: त्याला स्वतःचे साल आहे, तेव्हा विकणाऱ्याची जात त्याला चिकटत नाही. भुकेल्या ब्राह्मणालाही ते कोणाच्या टोपलीतून घ्यायला अडचण नव्हती.

पण संत्र्यावर आणि पुरीवर तहान भागत नाही. उन्हाळ्यात तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरलेल्या माणसाला आधी हवे पाणी. रेल्वेने त्याची सोय केली, आणि ती करताना आपल्या समाजाची उतरंड जशीच्या तशी फलाटावर मांडून ठेवली. एका बाजूला हिंदू पाणी, दुसऱ्या बाजूला मुसलमान पाणी. हिंदू पाणी देणारा बहुधा ब्राह्मण असे, कारण त्याच्या हातचे सर्व हिंदूंना चालते. उत्तरेकडे त्याला पाणीपांडे म्हणत. तो वरून धार धरी आणि उतारू ओंजळीने पीत. साहेबलोकांसाठी तिसरे दार होते: पांढरे चादरीचे मेज, काटे-चमचे, बर्फ, सोडा. मोठ्या स्टेशनांवर मेल गाडी जेवणासाठी मुद्दाम थांबे आणि साहेब उतरून, जेवून, पुन्हा आपल्या डब्यात जाई.

पुढे चहा आला. १९०३ साली सरकारने चहावर एक उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. मळेवाल्यांना हिंदुस्थानात गिऱ्हाईक हवे होते, आणि गिऱ्हाईक गाठण्यासाठी स्टेशनासारखी जागा नाही. पण चहा म्हणजे तरी काय? उकळलेले पाणीच. तेव्हा फलाटावर हिंदू चहा आणि मुसलमान चहा अशा आरोळ्या उठू लागल्या. कपाची लोकांना किती धास्ती होती ते पुण्याच्या एका प्रकरणावरून दिसते. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पाहुण्यांची यादी वर्तमानपत्रात छापली गेली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एवढ्या थोर माणसांना एका पेल्याने इतके छळले, तेथे खेडुताची काय कथा!

महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत डब्यातली गर्दी आणि घाण तर आहेच, पण स्टेशनावरच्या कळकट खाद्यपदार्थांची आणि चहा म्हणून मिळणाऱ्या गढूळ पाण्याची तक्रारही आहे. पुढे १९४५ साली आझाद हिंद सेनेचे कैदी दिल्लीच्या लाल किल्ल्यात होते. तेथेही त्यांना हिंदू चहा आणि मुसलमान चहा असा वेगवेगळा येई. सुभाषबाबूंच्या हाताखाली एका पंगतीत जेवलेली ती माणसे. त्यांनी काय करावे? दोन्ही चहा एकत्र ओतून घेत आणि मग वाटून पीत. गांधीजींना ही हकीकत त्या कैद्यांनीच सांगितली. साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्यांनी केलेली ही लढाई बिनरक्ताची होती, पण मला ती लहान वाटत नाही.

* * *

येथवर तीन दारे झाली: साहेबाचे, हिंदूचे, मुसलमानाचे. वाचकांच्या लक्षात आले असेल की, एक माणूस बाहेरच राहिला आहे.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून तीन-चार मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. वडील नोकरीच्या गावी होते, त्यांना भेटायला जायचे होते. अंगात नवे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. पहिल्यांदाच आगगाडीत बसल्याचा आनंद. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तराने पोशाखावरून मुले ब्राह्मणांची समजून प्रेमाने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगितले आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. अखेर एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर. मुलांजवळ खाण्याचा डबा होता, चांगला भरलेला. पण वाटेत प्यायला स्वच्छ पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास गिळेना. भरल्या डब्याजवळ ती मुले रात्रभर उपाशी झोपली.

त्यांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे नाव भीमराव. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत पुढे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवली. वर्गात मी ती सांगतो तेव्हा मुले नेहमी एकच प्रश्न विचारतात: "सर, डबा तर होता ना, मग खाल्ला का नाही?" नळ सोडला की पाणी येते, हे पाहत वाढलेल्या मुलांना ते कळू नये, यातच एका शतकाची कमाई आहे असे मी समजतो.

* * *

आता आबाजींची गोष्ट. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते एका मालगुजाराकडे लिहिण्याचे काम करीत. मालगुजारी पुढे १९५१ साली गेली. ही गोष्ट त्याआधी दहाएक वर्षांची. जमिनीचा काही वाद होता आणि मुंबईच्या मेलने येणाऱ्या वकिलाला कागद दाखवायचे होते. आबाजी आणि गावचा कोतवाल असे दोघे पहाटेच्या छोट्या गाडीने निघाले. कोतवाल म्हणजे आमच्या टोकियोवाल्या मुलाचे पणजोबा, जातीने महार. कागदांचे दप्तर त्यांच्या डोक्यावर होते. जंक्शनाचे नाव मी घेत नाही, कारण ते दुसरे कोणतेही असते तरी गोष्ट बदलली नसती.

मे महिना. मेल चार तास उशिरा. आबाजींनी हिंदू माठावर जाऊन ओंजळभर, दोन ओंजळी पाणी प्यायले, मग हिंदू उपाहारगृहात जाऊन पुरी-भाजी खाल्ली. कोतवाल बाहेर दप्तरापाशी बसले होते. काही वेळाने ते माठाकडे गेले. पाणी देणाऱ्याने गाव विचारले, मग जात विचारली, आणि हातानेच दूर व्हायला सांगितले. स्टेशनाबाहेर एक नळ होता, तोही त्या दिवशी कोरडा.

आबाजी हे सारे पाहत होते. त्यांच्याजवळ तांब्या होता. तो भरून आणून वरून धार धरता आली असती. शास्त्रालाही त्यात फारसे वावगे नव्हते. पण भोवती ओळखीची चार माणसे होती आणि गावात बोलणे झाले असते. ते जागचे उठले नाहीत.

कोतवाल शेवटी दुसऱ्या टोकाला, मुसलमान पाण्याकडे गेले. तेथल्या म्हाताऱ्याने काही विचारले नाही. पोटभर पाणी पाजले, वर "और लो बाबा" म्हणाला.

ही गोष्ट मला आबाजींनीच सांगितली; मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. आम्ही ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर कोणाला तरी पोहोचवायला गेलो होतो. कोतवालबाबाही आले होते. दोघेही पंच्याहत्तरीच्या पुढचे. एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा ते पीत होते, आणि पैसे कोतवालबाबांनी दिले होते. आबाजी एकाएकी म्हणाले, "पोरा, त्या दिवशी दप्तर याच्या डोक्यावर होतं. कागद याच्या हातचे चालत होते. मी याले पानी देलं नाई." कोतवालबाबांनी फुंकर घालून चहाचा घोट घेतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते पानी गोड होतं पन, बाप्पा. त्या बुढ्याचं."

आबाजींना माफी मिळाली की नाही, ते मला आजपर्यंत कळलेले नाही. विचारायला आता दोघांपैकी कोणीही नाही.

* * *

ती दारे आपोआप उघडली नाहीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले. महाराचे हॉटेल म्हणून गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा मागवून पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. कोठे चहा प्यावा याची निवड छत्रपतीने जाणूनबुजून केली, एवढ्यावर ते हॉटेल इतिहासात गेले. १९२७ साली महाडच्या तळ्यावर माणसे ओंजळभर पाण्यासाठी चालून गेली. १९४६ साली अंतरिम सरकार आले, रेल्वेचे खाते असफ अली यांच्याकडे गेले, आणि हिंदू पाणी-मुसलमान पाणी या पाट्यांचे दिवस भरत आले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म किंवा जात पाहून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. ते कलम वाचताना मला नेहमी मसूर स्टेशन आठवते. मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता, ते वाचकांना सांगायला नको. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

आणि १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला आमच्या चांद्याला, लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. झाडीतूनही माणसे गेली. कोणी गाडीने, कोणी पायी. कोतवालबाबा चांद्याला गेले होते. शिदोरीला तांदळाची भाकर होती आणि पाणी जो देईल त्याच्या हातचे प्यायलो, एवढेच ते सांगत.

कायद्याने मन एका रात्रीत धुतले जात नाही, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. शाळेच्या डब्याच्या सुटीत कोण कोणाजवळ बसतो, ते मी आजही न बोलता पाहत असतो. आडनाव विचारण्याची आपली जुनी खोडही पुरती गेलेली नाही. पण फलाटावरची ती तीन दारे गेली, हे खरे. छोटी गाडीही गेली. गोंदिया-चांदा मार्गावर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मोठे रूळ आले, आणि नागपूर-नागभीडची उरलेली छोटी लाईन २०१९ साली बंद झाली.

मी त्या मुलाला उलट विचारले, "मग शेवटी जेवलास कोठे?" त्याने कळवले: सर्वांत लांब रांग होती तेथे. दाराशी एक यंत्र होते. त्यात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि ती आत द्यायची. पुढे त्याने लिहिले होते, "रस्सा दाट हवा की पातळ, एवढेच विचारले, सर. नाव कोणी विचारले नाही."

जपान म्हणजे स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. तेथेही जनावरे सोलणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या बुराकू लोकांना पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवले होते. १८७१ साली कायद्याने तो भेद संपला, तरी १९२२ साली त्यांना सुइहेइशा नावाची संघटना काढून लढावे लागले. सगळीकडची दारे अशीच, आतून कोणी ढकलल्यावर आणि बाहेरून कोणी ठोठावल्यावरच उघडतात.

अर्धा तास उभे राहून कोठे खावे ते ठरत नाही, ही त्या मुलाला पंचाईत वाटली. त्याच्या पणजोबांना ती ऐश्वर्य वाटली असती.

दिवाळीला तो घरी येणार आहे. त्याला घ्यायला मी ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर जाईन. बाहेर पडल्यावर आम्ही आधी चहा घेऊ. कोणाकडे घ्यायचा, ते त्यानेच ठरवायचे. वेळ लागला तरी चालेल.